घसरगुंडीच्या खाली कोण उभं आहे?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळा लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पाण्याच्या घसरगुंड्यांचे प्रश्न वाढतात. ताडोबा-पेंचच्या वाटेवरच्या तंबूमुक्कामाच्या जागा असोत की गावाबाहेरची कृषी पर्यटन केंद्रं, एक टाकं आणि त्यावर निळी-पिवळी घसरगुंडी आता बहुतेक ठिकाणी दिसते. आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. सांध्यांचं आणि क्लोरीनचं उत्तर लांबलं आहे. ते अर्धवट सांगून भागत नाही.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मोठ्या घसरगुंडीवर तिला मांडीवर घेऊन बसले तर चालेल का? तिथला मुलगा म्हणतो, "ताई, सगळेच बसतात."
— एक आई, काटोल

सगळेच बसतात हे खरं. लहान लेकरांच्या नडगीची हाडं मोडतात ती याच बैठकीत, हेही खरं. बागेतल्या कोरड्या घसरगुंडीवरसुद्धा हा प्रकार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. मूल एकटं घसरत असेल आणि त्याचा पाय कडेला अडकला, तर त्याचं तेरा-चौदा किलो वजन तिथेच थांबतं किंवा वळतं. ते तुमच्या मांडीवर असेल तर दोघींचं मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो वजन वेगात खाली चाललेलं असतं. ते थांबत नाही. पाय मागे राहतो, हाड पिळवटतं आणि मोडतं. तुम्ही कितीही घट्ट धरलं तरी उपयोग नाही, कारण अडचण हातांची नसून वजनाची आहे. शिवाय पाण्यात आदळताना मोठ्या माणसाचे हात आपोआप फाकतात. नेमकं त्याच क्षणी मूल सुटतं, कधी तुमच्याच अंगाखाली जातं.

खोलीचाही हिशेब बघा. मोठी घसरगुंडी जिथे उतरते तिथे साधारण ३ फूट, म्हणजे ९१ सेंटीमीटर पाणी असतं. या वयाच्या मुलीची उंची ९५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे ती सरळ उभी राहिली तरी पाणी कपाळापर्यंत येणार. म्हणूनच अनेक ठिकाणी मोठ्या घसरगुंडीसाठी १२० सेंटीमीटर उंचीची अट असते. तिथे "आमची पोरगी धीट आहे" हे सांगून उपयोग नाही.

तिला लहान टाक्यातल्या बुटक्या घसरगुंडीवर एकटीला, पाय पुढे करून बसवा. तुम्ही खाली उभ्या राहा, पण समोर नको, बाजूला. समोर उभं राहिलं की तिचं तोंड तुमच्या गुडघ्यावर आपटतं. हात लांब केला की ती हाताला लागली पाहिजे, इतकंच अंतर ठेवा.

आम्ही तीन कुटुंबं मिळून चौदा जण मुक्कामाला जाणार आहोत. लेकरं पोचल्या पोचल्या घसरगुंडीकडे पळतील. त्यांना सोडण्याआधी दहा मिनिटांत काय तपासावं?
— दर्यापूर

खालून वर तपासत जा. लोक आधी जिना आणि वरचा चौथरा बघतात, पण जास्त दुखापती शेवटच्या दोन मीटरमध्ये होतात.

काठावर उभं राहून टाक्याचा तळ आणि तळातली जाळी स्पष्ट दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्या दिवशी पोहायचं नाही, मग पाणी कितीही स्वच्छ असल्याचं सांगोत. बुडालेलं मूल त्या गढूळ पाण्यात कोणालाही दिसणार नाही. जाळी तुटकी, सैल किंवा गायब असेल तरीही नाही. पंपाची ओढ लांब केसांना किंवा हाताला धरून ठेवते, आणि अंगाने ओढून ते सुटत नाही, पंपच बंद करावा लागतो. नीट बांधलेल्या टाक्याला अशा दोन जाळ्या एकमेकींपासून मीटरभर तरी लांब असतात, म्हणजे एक झाकली गेली तरी सगळी ओढ तिच्यावर येत नाही. पंपाचं बटण कुठे आहे ते विचारून स्वतः जाऊन बघा.

मग मोठ्यांपैकी एकाने पाण्यात उतरून घसरगुंडीच्या तोंडापाशी उभं राहावं. पाणी त्याच्या कमरेच्या आसपास, साधारण ३ फूट आहे का? समोरची भिंत किती लांब? मध्यम उतार असलेल्या घसरगुंडीपुढे ६ मीटरच्या आसपास मोकळं पाणी हवं. विदर्भातल्या मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं, उडवाउडवीत जातं ते वेगळं. आठवडाभर टाकं भरलं नाही की पाणी चार बोटं खाली जातं. मग खोली कमी होते आणि घसरगुंडीचं तोंड पाण्यापासून उंच होतं. दोन्हींचा मार एकाच जागी, माकडहाडावर. भिंतीच्या फरश्यांवर पूर्वीच्या पातळीची पांढरी रेघ दिसते. ती पाण्याच्या किती वर आहे ते बघितलं की सगळं कळतं.

शेवटी माणसं. वर एक जण सोडणारा आणि खाली एक जण बघणारा हवा. एकच असेल तर तो खाली हवा. वरचा माणूस फक्त रांग लावतो, "आता सोड" हे खालच्याला दिसतं. आधीचा माणूस उतरण्याच्या जागेतून पूर्ण बाजूला झाल्याशिवाय पुढचा सुटता कामा नये. ठिकाणाने माणूस दिला नसेल तर तुमच्या सहा-सात मोठ्यांनी पाळ्या लावा, वीस-वीस मिनिटांच्या. पाळीवर असलेल्याने मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि भजी नंतर खायची. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड वर करून मिनिटभरात गप खाली जातं, आणि चौदा जण काठावर असताना प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय.

घसरायची पद्धत एकच: पाठीवर, पाय पुढे, घोटे एकमेकांवर, हात छातीवर. घोट्यांची अढी शोभेसाठी नसते. वेगात उतरताना पाय फाकले तर पाण्याचा जोराचा झोत नाजूक अवयवांना इजा करतो. डोकं पुढे करून, पोटावर किंवा साखळी करून अजिबात नाही. हवेची ट्यूब आणि दंडातले फुगे घालूनही घसरायचं नाही, ट्यूब वर सरकते आणि मूल उलटं होतं.

आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी फायबरची घसरगुंडी बसवली. या वर्षी पाहुण्यांच्या पाठीवर ओरखडे येऊ लागले. बसवणारा म्हणतो, पॉलिश करा. तेवढ्याने भागेल का?
— समुद्रपूर तालुका

पॉलिशला नंतर येऊ. आधी मनोऱ्याचा पाया बघा. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दर वर्षी खांब थोडे वर-खाली होतात, आणि त्याचा ताण घसरगुंडीच्या सांध्यांवर येतो. ओळंबा लावून खांब तपासा, चौथऱ्यावर लेव्हल बॉटल ठेवा आणि आकडे वहीत लिहा. तेच मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात करा. दोन नोंदींत फरक आला तर पाया हलतोय. मग वरवरची कोणतीही दुरुस्ती एका पावसापुरतीच.

सांधा तपासायला तुमच्या शेतातला कापूस पुरे. पंप बंद करा, घसरगुंडी कोरडी होऊ द्या. बोंडातला कापूस सैल पिंजून तळहाताएवढा बोळा घ्या आणि वरून खाली, माणूस घसरतो त्या दिशेने, प्रत्येक सांध्यावरून हलक्या हाताने ओढा. जिथे तंतू अडकतील तिथे कातडंही अडकणार. तिथे खडूने खूण करा. मग सांध्यावर पट्टी धरून बघा. खालचा तुकडा वरच्यापेक्षा किंचित खाली असला तर चालतं, कारण माणूस त्यावरून पुढे निघून जातो. खालच्याची कड दोन-तीन मिलिमीटर जरी वर आली असेल, तर तीच कड पाठ आणि टाचा सोलते.

अशा सांध्याचे मागचे बोल्ट सैल करून दोन्ही तुकडे एका पातळीत आणायचे, मग बोल्ट एकाआड एक आवळायचे. एकाच बाजूने आवळत गेलं तर फायबर तडकतं. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. जुनं सीलंट खरवडून काढा, भेग पूर्ण वाळू द्या, पॉलियुरेथेनचं सीलंट भरून पृष्ठभागाशी सपाट करा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी पाणी सोडू नका. कडक होणारी पुट्टी भरू नका. सांधा उन्हात थोडा हलतोच, पुट्टी हलत नाही, टवका उडतो आणि त्याची कड आधीपेक्षा धारदार होते. ऑइल पेंटचंही तेच.

ओरखड्यांचं दुसरं कारण क्षार. बोअरचं पाणी जड असेल तर पाणी कमी वाहणाऱ्या कडांवर पांढरा खरखरीत थर चढतो. लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, कोमट पाण्यातलं द्रावण फडक्याने दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. लोखंडी घासणी नको आणि संडासाचं ॲसिड तर नकोच. पहिलीने वरचा चकचकीत थर जातो. दुसरं बोल्ट खातं, आणि क्लोरीनशी गाठ पडली तर विषारी वायू होतो.

पॉलिशची पाळी आता. नुसता निस्तेजपणा असेल तर ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पाणकागद क्रमाने, पाणी मारत, मग मेण. आतली जाळी म्हणजे काचतंतू दिसू लागले असतील तर घरी काही करू नका. फायबरचं काम करणाऱ्याकडून तेवढा भाग कापून रेझिन-मॅटचा नवा थर द्यावा लागतो. मेण लावल्यावर वेग वाढतो आणि माणूस आधीपेक्षा पुढे जाऊन पडतो. म्हणून पाहुण्यांना सोडण्याआधी तुमच्या पोहता येणाऱ्या दोन माणसांना, एक हलका आणि एक वजनदार, चार-पाच वेळा घसरवून ते कुठे पडतात ते बघा.

मूर्तिजापूर, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या केंद्रचालकांसाठी एक जास्तीची सूचना: खारं पाणी जिन्याच्या पायऱ्या आणि खांबाचा बूड आतून खातं. वरचा रंग शाबूत दिसतो. दर महिन्याला बुडाशी हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर जिना बंद.

मधेच लाईन गेली तर?
— चिमूर

वरच्याने लगेच रांग थांबवायची आणि साखळी लावायची. मध्ये अडकलेल्याने उभं राहायचं नाही. बसूनच, हाताने सरकत खाली यायचं. कोरडं फायबर चामडं सोलतं, आणि ४५ अंशांच्या उन्हात काही मिनिटांत चटका बसण्याइतकं तापतं. लाईन आली की लगेच सोडू नका, आधी वरून खालपर्यंत पाणी नेहमीसारखं वाहू द्या. डीपीवर काम झाल्यानंतर पाणी कमी येत असेल तर फेज उलटले असण्याची शक्यता आहे. थ्री-फेज मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखाच करते, पाणी मात्र निम्मंशिम्मं फेकते. मोटरवरच्या बाणाची दिशा बघा आणि वायरमनला बोलवा. टाक्यात माणसं असताना वायर लोंबकळणारा साधा पाणबुडी पंप पाण्यात कधीच नको, आणि पंपाच्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा खटका, हवाच.

साडी किंवा सलवार-कुर्त्यावर घसरू देत नाहीत, नायलॉनचा ड्रेस भाड्याने घ्यायला लावतात. हा धंदाच नाही का?
— दोन मैत्रिणी, उमरेड

भाड्याचा दर हा धंदा असू शकतो, नियम मात्र बरोबर आहे. भिजलेलं सुती कापड घसरगुंडीला चिकटतं, माणूस मध्येच थांबतो आणि मागचा पाठीवर आदळतो. ओढणी आणि पदर सांध्यात किंवा गळ्याभोवती अडकतात. घरून घट्ट नायलॉनचे कपडे नेले तर भाडं वाचतं. चेन, पितळी बटणं, जीन्स नको.

दागिन्यांकडे कोणी बघत नाही. काचेच्या बांगड्या काढाच. एक फुटली तर तिचे तुकडे पाण्यात दिसत नाहीत आणि सगळं टाकं रिकामं करावं लागतं. जोडवी आणि पैंजण सांध्यात अडकतात. लहान मुलांचा करदोडा आणि गळ्यातला ताईताचा काळा दोरा तेवढ्यापुरता सोडून ठेवा. आजी रागावतील, पण तो दोरा बोल्टला अडकला तर तुटत नाही. मुलांचे कपडे केशरी किंवा लाल भडक असू द्या. फिका निळा आणि पांढरा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो.

आमच्या टाक्यात ब्लिचिंग पावडर किती टाकावी? वास यायला लागला की पुरेशी झाली असं समजतो.
— केंद्रचालक, रामटेक तालुका

तो तीव्र वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे डोळे चुरचुरतात तेव्हा उपयोगी क्लोरीन बहुधा कमी पडलेलं असतं.

मोजमाप असं. मोकळं, म्हणजे घाणीशी संयोग न झालेलं, क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ७.२ ते ७.८. टाकं १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असेल तर पाणी ७२,००० लिटर. लिटरला १ मिलिग्रॅम वाढवायला ७२ ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या ब्लिचिंगमध्ये ते सुमारे ३० टक्के असतं, म्हणून पावडर २४० ग्रॅम. उघड्या पोत्यातली, गेल्या उन्हाळ्यातली पावडर याच्या निम्मीही ताकदीची नसेल. आणि टाकलेलं सगळं उरत नाही: ऊन आणि घाण त्यातलं बरंच खाऊन टाकतात. म्हणून टाकण्यापेक्षा मोजणं महत्त्वाचं; सकाळी उघडण्याआधी आणि गर्दीच्या दिवशी दर दोन तासांनी. पिवळा रंग दाखवणारं ओटी किट एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं वेगळं दाखवत नाही. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या.

पावडर संध्याकाळी, सगळे बाहेर आल्यावर. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर. ढवळून अर्धा तास ठेवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी कडेकडेने ओता. बसलेला चुना टाकू नका, त्याने क्षार आणि सामू दोन्ही वाढतात. जड पाणी असेल तर द्रव हायपोक्लोराइट बरं. क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या आणि ब्लिचिंग एका डब्यात, एका मापाने, एका बादलीत कधीही नको. दोन्हींचा संयोग पेट घेऊ शकतो, स्फोटही होतो.

जुलाब लागलेल्या मुलाला टाक्यात उतरवू नका. जुलाबातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभराहूनही जास्त टिकतो. आणि जंगलालगतच्या केंद्रांसाठी: उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने बेडूक येतात, त्यांच्यामागे साप. सकाळी स्किमरची, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या झडपेची, टोपली हात घालून उचलू नका, काठीच्या आकड्याने उचला.

शेतात ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे. पाहुण्यांसाठी त्यातच घसरगुंडी सोडली तर टाक्याचा खर्च वाचेल. काय काळजी घ्यावी?
— वरूड

सोडू नका. शेततळं ३ मीटर खोल असतं, बाजू उतरत्या, त्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर शेवाळाचा थर. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून वर चढू शकत नाही. हात-पाय घसरत राहतात आणि तो दमून बुडतो. पाणी न गाळलेलं, बिनक्लोरीनचं, कोमट. अशा पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा अमीबा वाढतो. तो क्वचित गाठतो, पण गाठला तर माणूस सहसा वाचत नाही. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली त्याचे रुग्ण आढळले. घसरगुंडीवरून पडताना नाकात पाणी जोरात जातं, हे लक्षात घ्या.

पाहुणे येणार असतील तर तळ्याला कुलूपबंद कुंपण घाला. चारही बाजूंना काठावरच्या खुंटाला बांधलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडा आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब दोराला बांधून ठेवा.

याच पत्रात पुढे विचारलं आहे की बुडालेल्याच्या पोटातलं पाणी कसं काढायचं. काढायचं नाही. पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं, डोक्यावर गरगरवणं यात वेळ जातो आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. सपाट जागी उताणं झोपवा, श्वास चालू आहे का हे जास्तीत जास्त दहा सेकंद बघा. नसेल तर हनुवटी वर करून नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या, छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर, मुलाला छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके. पुन्हा दोन श्वास. तोंडाला फेस आला तरी पुसत बसू नका. उलटी झाली तर मान-अंग एकत्र कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुढे चालू ठेवा. डोक्यावर आपटलेला माणूस श्वास घेत असेल तर त्याला हात धरून ओढू नका. पाण्यातच उताणा तरंगत ठेवून डोकं-मान एका रेषेत धरा आणि फळीवरूनच बाहेर काढा.

हे चालू असताना दुसऱ्याने १०८ लावायचा. तंबूंच्या जागा बहुतेक गावाबाहेर असतात, आणि "जंगलाजवळचा रिसॉर्ट" एवढ्यावर गाडी पोचत नाही. गाव, तालुका, कोणत्या रस्त्याने किती किलोमीटर आणि वळणावरची खूण, हे चार शब्दांत लिहून पंपाच्या बटणाशेजारी रंगवून ठेवा. रेंज कुठे मिळते तेही तिथेच लिहा. शुद्धीवर आलेलं मूल "मला काही झालं नाही" म्हणालं तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. पुढच्या काही तासांत खोकला, धाप किंवा गुंगी वाढू शकते, आणि जिथे ऑक्सिजन आहे तिथेच ते निभावतं.